चुन्याच्या भिंती

फौजी गाडीची वाट पाहणारे जवान साधारणपणे तीन कामं करतात. झोपतात, पत्ते खेळतात, नाहीतर फोनवर घरच्यांशी भांडतात. उस्ताद यांतलं काहीच करत नसे. तो घर आखत असे.

कागदावर नव्हे, जमिनीवर, आणि खऱ्या मापाचं. गाडीला अवकाश आहे असं कळलं की तो पिशवीतून सुतळीचं बंडल आणि तंबूच्या चार खुंट्या काढायचा, मोकळी जागा हेरायचा, बुटानं खडे बाजूला सारायचा आणि कामाला लागायचा. चुना मिळाला तर चुन्यानं, नाहीतर विटांच्या तुकड्यांनी, वाळवंटात काठीनं रेघ ओढून. एकदा तर बर्फावर लंगरमधली उकळून फेकलेली चहाची पत्ती टाकून त्यानं भिंती काढल्या होत्या. बघता बघता बैठक, स्वयंपाकघर, मोरी, दोन खोल्या आणि मागचं अंगण तयार व्हायचं. मग तो दारातून आत जायचा, बैठकीत मांडी घालून बसायचा आणि कोणी दिसलं की हाक मारायचा, "ये ना बे, बस. पण तिकून नको, तिकडे भिंत हाये."

आम्ही एकाच युनिटमध्ये होतो. मी क्लार्क. फौजेत क्लार्कला बाबू म्हणतात, त्यामुळे तोही मला बाबूच म्हणायचा. तो हवालदार. मधली काही वर्षं नव्या रंगरुटांना कवायत शिकवायला होता, तेव्हापासून सगळे त्याला उस्ताद म्हणू लागले आणि त्याचं नाव फक्त माझ्या रजिस्टरात उरलं. मी अकोल्याचा, तो अचलपूरचा. वऱ्हाडी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून त्याचं माझ्याशी जास्त जमायचं. खरं तर स्वभावानं आम्ही दोन टोकांचे. मला काम हातावेगळं झालेलं आवडतं. सामान मोजा, लिहा, सही घ्या, पुढे चला. आता निवृत्तीनंतर अकोल्यातल्या एका डाळ मिलमध्ये माल आवक-जावक सांभाळतो, तिथेही तेच. उस्तादला काम चालू असलेलं आवडायचं.

बाहेरच्या लोकांना वाटतं की फौजेत सारखी धावपळ असते. धावपळ असते, पण ती थोडी. बाकी सगळं थांबणं. रस्ता उघडेपर्यंत ट्रकांचा ताफा थांबतो, ढग हटेपर्यंत विमान थांबतं, इंजिन मिळेपर्यंत रेल्वे थांबते, आणि त्या सगळ्यांसाठी माणसं ट्रान्झिट कॅम्पच्या पत्र्याखाली थांबतात. अशा वेळी चांगले चांगले लोक चिडचिडे होतात. दर तासाला कोणीतरी उठून माझ्याकडे यायचं, "बाबू, गाडी कब?" उस्तादनं हा प्रश्न मला कधीही विचारला नव्हता. मी आपणहून काही सांगायला गेलो तर म्हणायचा, "येईन तवा येईन. तू आधी हे सांग, मोरीचं पाणी कोणीकडून काढू?"

सुरुवातीला लोक हसायचे. मुद्दाम भिंतीवरून चालत जायचे. त्यावर तो कवायतीच्या मैदानावरच्या आवाजात ओरडायचा, "दीवार तोडता है क्या!" आणि माणूस दचकून मागे सरायचा. हळूहळू सवय झाली. पुढे पुढे नवीन आलेल्या जवानाला जुनेच सांगायचे, उधर से घूम के आ, उस्ताद का किचन है. कोणी पंजाबी जवान म्हणायचा, बैठक लहान झाली, चार पाहुणे आले तर खाटा कुठे टाकाल? उस्ताद बैठक वाढवायचा. केरळचा एक ड्रायव्हर होता, त्यानं मागच्या बाजूला कपडे धुवायचा दगड पाहिजेच असा हट्ट धरला. उस्तादनं तो दगड आणून ठेवला. गढवालचा एक नाईक म्हणाला, छप्पर उतरतं करा. "आमच्याकडे बर्फ नाही पडत रे बाबा," उस्ताद म्हणाला, पण अर्धा दिवस त्याचा विचार करत बसला. प्रत्येक ठिकाणी घर थोडं बदलायचं. कधी खिडकी सरकायची, कधी कोठीची खोली निघायची, कधी जायची.

आमच्याकडे तेव्हा एक तरुण कॅप्टन साहेब नवीन आले होते. एका ट्रान्झिट कॅम्पमध्ये ते फोनवर बोलत बोलत सरळ उस्तादच्या घरात शिरायला निघाले. उस्ताद ताडकन उठला, सावधान झाला, सॅल्यूट ठोकला आणि म्हणाला, "साहब, दीवार."

साहेबांचा एक पाय हवेत होता. त्यांनी खाली पाहिलं, उस्तादकडे पाहिलं, फोन खिशात टाकला. साहेबांनी पाय मागे घेतला, वळसा घालून दाराशी आले आणि विचारलं, "उस्ताद, जूता उतारूं?"

"नहीं साहब, अभी फर्श कच्ची है."

त्या दिवसापासून साहेब युनिटमधल्या सगळ्यांचे आवडते झाले. आणि घर पक्कं झालं, असं आम्ही म्हणायचो.

सगळं बदलायचं, पण एक खोली कधीच बदलली नाही. पूर्वेच्या कोपऱ्यातली, आईची. तिला आतून एक दार होतं आणि थेट अंगणात उघडणारं दुसरं. ते दुसरं दार तो सगळ्यात आधी आखायचा. भिंती नंतर. "पयले माह्या मायचं दार," म्हणायचा, आणि खुंटी ठोकायचा.

त्याचं कारण त्यानं मला एकदाच सांगितलं. वडील गेल्यावर त्याची आई धाकट्या भावाच्या संसारात राहायची. भाड्याची एकच मोठी खोली, भाऊ, भावजय, त्यांची लेकरं, आणि दाराच्या बाजूच्या भिंतीला आई. उस्ताद सुटीवर गेला की तोही तिथेच. म्हाताऱ्या माणसाला पहाटे लवकर जाग येते. दाराची कडी जड, आवाज करायची. लेकरं उठतील, सून चिडेल, म्हणून ती डोळे उघडे ठेवून तशीच पडून राहायची. "मी बाजूलेच होतो," उस्ताद म्हणाला. "तिले वाटे मी निजलो. मले समजे ते जागी हाये. दोघंबी पडलेलो. तवाच म्या ठरवलं, बाबू. तिले बाहेर जासाठी कोणाले उठवा नाही लागलं पायजे."

अचलपुरात त्यांची जागा होती. वडिलांनी घेतलेली, रस्त्याला लागून, मोकळी. आईच्या नावावर. बांधायला अडचण अशी काही नव्हती. हेच मला कळायचं नाही. मी त्याला एकदा सिमेंट, लोखंड, रेती, गवंडी, सगळं ओळीनं लिहून दिलं, काय आधी आणायचं, काय नंतर. त्यानं कागद नीट वाचला आणि विचारलं, "यात खिडकी कुठी हाये?"

"खिडकी मंग बसवजो ना. आधी दोन खोल्या टाकून दे. माय राहाले जाईन. बाकी होत राहीन."

"टाकून देनं आन् बांधनं यात फरक हाये का नाही?"

"हाये. पण मायचं वय काय थांबून राहिलं का?"

त्यानं कागदाची घडी करून खिशात ठेवली. पण दोन खोल्या टाकल्या नाहीत. तो सुटीवर जायचा, रोज सकाळी त्या जागेवर जायचा, एका दगडावर बसायचा आणि ऊन कसं येतं ते पाहायचा. परत आला की मी विचारायचो, पाया घातला का? "नाही. थंडीतलं ऊन पाहून आलो. उन्हाळ्यातलं पाहाचं रायलं." फौजेतली सुटी आपल्या मर्जीनं मिळत नाही. उन्हाळ्यातली मिळायला बराच काळ गेला. ती मिळाली तेव्हा तो खूश होऊन आला, म्हणाला पूर्वेचं दार बरोबर आहे, फक्त थोडं सरकवावं लागेल. आता फक्त पावसाळा पाहायचा. जमीन काळी आहे, पाणी कुठे साचतं ते पाहिल्याशिवाय पाया कसा घालायचा?

घरून फोन यायचे. आई जास्त बोलायची नाही. कवा येतं, जेवला का, एवढंच. तो तिला सांगायचा, "माय, आज मोरीचं नक्की केलं." ती तिकडून म्हणायची, "बरं."

मग आमच्या युनिटची बदली झाली. राजस्थानातून पूर्वेला. अख्खं युनिट मिलिटरी स्पेशलनं निघालं, जवान, ट्रक, तंबू, लंगरचा डबा, सगळं एका गाडीत. या गाडीला कोणी वाली नसतो. पॅसेंजर जाते, मालगाडी जाते, आणि मिलिटरी स्पेशल यार्डात बाजूच्या रुळावर उभी राहते. कुठे किती थांबणार ते ड्रायव्हरलाही माहीत नसतं. मूव्हची, म्हणजे युनिट कधी कुठून कुठे निघालं याची, माहिती घरी द्यायची नाही असा हुकूम असतो, आणि प्रत्येक जण ती घरी देतो. ज्याचं गाव वाटेत लागतं त्याच्या घरचे डबा घेऊन यार्डाच्या तारेपाशी येऊन उभे राहतात, हे सगळ्या स्पेशलांत चालत आलेलं आहे. अधिकारीही त्या वेळेला दुसरीकडे बघतात.

माझं अकोला आम्ही पहाटे न थांबता ओलांडलं. प्लॅटफॉर्मवरचे दिवे आणि एक झाडू मारणारी बाई दिसली, बस. उस्ताद माझ्यासमोर बसला होता. म्हणाला, "तुहं गेलं." मग त्यानं फोन काढला आणि अचलपूरला लावला. "माय, गाडी बडनेऱ्याले थांबन असं वाटून राहिलं. येतं का? ... लहान्याले घेऊन ये. यष्टीनं अमरावती, तिथून ऑटो. नाही थांबली तं नाही थांबली. तू निंघ."

गाडी बडनेऱ्याला थांबली. यार्डाच्या पार कडेच्या रुळावर, एका बंद पडलेल्या गोदामाच्या मागे. इंजिन काढून घेऊन गेले. मे महिना होता. डब्याच्या सावलीबाहेर कोणी जायचं नाही असा हुकूम झाला, पण तशीही कोणाची हिंमत नव्हती.

त्या सकाळी उस्ताद पहिल्यांदा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाबू, गाडी कवा निंघन?"

मला काय माहीत असणार? मी म्हटलं, माहीत नाही. तो गार्डाकडे गेला. रूळ तपासत जाणाऱ्या गँगमनला विचारलं. पाणी भरणाऱ्याला विचारलं. परत माझ्याकडे आला. "ते यष्टीत बसले. आसेगाव सोडलं. इंजिन आलं तं काय करू?" ज्या माणसाला मी बर्फात, वाळूत निवांत पाहिलं होतं, तो त्या दिवशी प्रत्येक शिट्टीला दचकत होता. शेवटी कॅप्टन साहेब, जे त्या गाडीचे प्रमुख होते, खाली उतरले आणि म्हणाले, "उस्ताद, माँ आ रही है ना? तो घर तैयार करो."

गोदामाच्या मागे एक निंबाचं झाड होतं आणि सपाट जमीन. साहेबांनी तिथपर्यंत जायची मुभा दिली. उस्तादनं लंगरमधून झाडू आणला आणि जमीन झाडली. रेल्वेवाल्यांकडून अर्धी बादली चुना मिळवला. इतकं नीटनेटकं घर त्यानं आधी कधी आखलं नव्हतं. कोपरे काटकोनात, रेघा सरळ, दारांच्या जागी दोन दोन विटा. आईच्या खोलीत स्वतःची वळकटी पसरून खाट केली, वर धुतलेली चादर. स्वयंपाकघरात पाण्यानं भरलेला मग ठेवला. आमच्यापैकी चार-पाच जण बैठकीत जाऊन बसलो. कोणी थट्टा केली नाही.

दुपार कलत असताना ती आली. लहानखुरी बाई, डोक्यावर पदर, पायात रबरी चपला. मागे धाकटा भाऊ, हातात डब्याची पिशवी. गोदामाला वळसा घालून येताना तिनं आधी डोळ्यांवर हात धरून गाडी पाहिली, मग मुलगा पाहिला. उस्ताद पुढे धावला, पाया पडला. तिनं त्याच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला. "वाळला रे मोठ्या."

"माय, चाल. घर दाखवतो. तिकून नको, इकडे दार हाये."

ती दारातून आली. त्यानं तिला बैठक दाखवली, आम्हाला दाखवलं. "हे आपले पाव्हने." आम्ही हात जोडले. मग स्वयंपाकघर, मोरी, कोठी. ती प्रत्येक ठिकाणी थांबून "हं" म्हणत होती. भाऊ बाहेरच थांबला होता, रेघेपासून चार पावलं दूर. शेवटी उस्तादनं तिला तिच्या खोलीत आणलं, वळकटीवर बसवलं आणि विटांकडे बोट केलं. "हा तुहा दरवाजा. पहाटे उठली का सरळ बाहेर. कडी नाही, कायी नाही. कोणाले आवाज द्या नाही लागत."

ती त्या दोन विटांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मोठ्या, घर झालं."

"झालंच समज. आता फक्त पानकाया पाहून घेतला का..."

"तसं नाही. खरंच झालं. लहान्यानं दोन खोल्या टाकल्या टिनाच्या. दिवायी झाल्यावर गेलो आमी राहाले. जागा म्या त्याच्या नावानं करून देल्ली."

बैठकीत आम्ही सगळे होतो. भिंती चुन्याच्या, त्यामुळे ऐकू न आल्यासारखं करणं अवघड होतं. केरळचा ड्रायव्हर, ज्याला भाषा कळत नव्हती, तोही मान खाली घालून बसला.

उस्तादनं दारातली एक वीट हातानं सरळ केली. मग त्यानं विचारलं, "दार कोणीकडे ठेवलं?"

"रस्त्याकडे."

"म्हंजे मावळतीले. ऊन येत असन घरात."

"येते ना. दुपारी पोतं बांधते."

"अन् तू कुठी निजतं?"

"सयपाकाच्या खोलीत."

"तिथून बाहेर जाले?"

"त्यायच्या खोलीतून."

उस्तादनं भावाकडे पाहिलं. "लहान्या, मांगून एक दार फोडून दे तिले."

"मांगं भिंत हाये दादा शेजाऱ्याची," भाऊ तिथूनच म्हणाला. "त्याले लागूनच टाकल्या खोल्या. एक भिंत वाचली."

"मले सांगतलं कावून नाही?"

भावानं आईकडे पाहिलं. आईनं आवाज चढवला नाही. "सांगतलं असतं तं तू म्हनला असता, थांब. किती थांबू मी? तुही फौज थांबत असन. मले नाही जमत आता."

त्यानंतर तिनं भावाला हाक मारली आणि तो डबा घेऊन आत आला. तो दाराशी गेला नाही. समोरच्या भिंतीवरून सरळ चालत आला आणि येऊन बसला. उस्तादनं सरकून त्याला जागा दिली. पोळ्या होत्या, पातोडीची भाजी होती, कैरीचं लोणचं होतं. आईनं आम्हालाही वाढलं. "घ्या बाप्पा, लाजू नका," म्हणत होती. उस्ताद खाली मान घालून जेवला. मधेच त्यानं भावाला विचारलं, "टिनाखाली थर्माकोल तं लावलं का?" "लावतो," भाऊ म्हणाला.

अचलपूरची एसटी चुकेल म्हणून ती लवकर उठली. जाताना तिनं वळकटीची चादर झटकून, घडी करून त्याच्या हातात दिली. तो तारेपर्यंत पोचवायला गेला आणि परत येऊन गाडीच्या पायरीवर बसला.

सबंध दिवस आम्ही एकाच गोष्टीला घाबरत होतो, की ती पोचायच्या आत गाडी निघेल. ती आली, बोलली, गेली, आणि गाडी तशीच उभी. ऊन उतरलं, लंगरचा चहा झाला, हजेरी झाली. बाजूच्या रुळांवरून गाड्या जात राहिल्या. निंबाखालचं घर समोर दिसत होतं. कोणीतरी जाऊन ते पुसून टाकावं असं मला वाटत होतं, पण ते कोणाचं काम आहे हे ठरवता येईना, आणि मी उठलो नाही. दिवेलागणीला इंजिन आलं.

पूर्वेला आम्ही पुन्हा कितीतरी ठिकाणी थांबलो. नदी उतरेपर्यंत थांबलो, दरड काढेपर्यंत थांबलो. पहिल्या वेळी त्या केरळच्या ड्रायव्हरनं आपणहून सुतळी आणून उस्तादच्या पुढ्यात ठेवली. उस्तादनं ती गुंडाळून परत दिली. मग तो पत्ते शिकला. फार वाईट खेळायचा, कारण हातात पानं घेऊन तो दुसरीकडेच बघत बसायचा, आणि भिडू वैतागायचे. दर तासाला माझ्याकडे येऊन विचारायचा, "बाबू, गाडी कवा?"

त्यानं मुदतीआधी पेन्शन घेतली. मीही नंतर अकोल्याला आलो. फोनवर बोलणं व्हायचं, तेही कमी. मागच्या हिवाळ्यात तुरीच्या खरेदीच्या कामानं मला परतवाड्याला जावं लागलं. काम दुपारीच उरकलं, तेव्हा अचलपूर कितीसं दूर, म्हणून त्याला गाठलं.

भावाच्याच गल्लीत, चार घरं सोडून, त्यानं एक खोली भाड्यानं घेतली आहे. सकाळी एका शाळेच्या फाटकावर राखणीला बसतो, दुपारनंतर घरी. खोली एकच, पण स्वच्छ. पूर्वेकडे दार, दाराला हलकी नवी कडी. दाराजवळ खाट, तिच्यावर गादी, चादर, पायथ्याशी घडी केलेली गोधडी. त्याचं स्वतःचं अंथरूण पलीकडच्या कोपऱ्यात जमिनीवर.

"खाटेवर कावून नाही निजत बे?"

"ते मायचं हाये."

"माय इथी राहते?"

"येईन," तो म्हणाला. "चहाले तं रोजच येते. राहालेबी येतो म्हनली हाये."

चहा होईपर्यंत ती आलीच. आणखी वाकली होती, पण ओळख लागली. "तूच ना तो अकोल्याचा?" म्हणाली. खाटेच्या अगदी कडेवर बसली, पाहुणे बसतात तशी. बशीतून चहा प्यायली. उस्तादनं दार उघडून दाखवलं, मिटून दाखवलं, कडीला आवाज येत नाही तेही दाखवलं. मला दाखवत होता, पण बोलत तिच्याशी होता.

"माय, आज राय ना इथीच. बाबू बी हाये."

"उद्या पाहू," ती म्हणाली आणि उठली.

माझाही रस्ता तोच होता, स्टँडकडे जाणारा. मी तिच्याबरोबर निघालो. ती हळू चालत होती, मीही पाऊल आवरलं. दोन घरं मागे पडल्यावर मला राहवलं नाही.

"मावशी, रोज येता अन् रोज जाता. राहत कावून नाही त्याच्यापाशी? खोली चांगली हाये."

"चांगलीच हाये. कोन नाही म्हन्ते?" वाटेतला एक खडा तिनं चपलेनं बाजूला सारला. "मले तिथी झोप नाही लागनार, बाप्पा. इकडे नातवंडं दोन्हीकून पाय टाकून निजतात माह्या अंगावर. रातभर लाथा मारतात. त्यायच्याबिगर आता डोया नाही लागत."

"मंग हे त्याले सांगा ना."

"त्यानं इचारलं असतं तं सांगतलं असतं." बोलण्यात राग नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती. "साऱ्या मुलखातल्या मानसायले इचारलं म्हन्ते त्यानं, दार कुठी ठेवू, खिडकी कुठी ठेवू, दगड कुठी ठेवू. मले एकडावबी नाही इचारलं, माय, तुले कुठी निजाचं हाये. आता खाट आनून बसला तो. आता काय सांगू?"

भावाचं घर आलं. टिनाच्या दोन खोल्या, दार रस्त्याकडे. आतून लेकरांचा गलका झाला, "आजी आली, आजी आली," आणि ती आत गेली.

मी वळून पाहिलं. उस्ताद आपल्या दारात उभा होता. त्यानं तिथूनच हात हलवून मोठ्यानं विचारलं, "काय म्हने बे?"

गल्लीत माणसं होती. मला ओरडूनच सांगावं लागलं.

"उद्या म्हने!"

त्यानं मान हलवली आणि आत गेला.